खातं गेलं, फाइली कुणाच्या?

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलंय : "आमच्या ऑफिसात लिनक्सच्या एकाच कॉम्प्युटरवर चौघं काम करतो. प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. मग फाइली सुरक्षित ना?"

ताई, अर्ध्या.

फौजेत एका कंपनीत तीन शिंदे असले तरी पगार चुकत नाही, कारण कागद नंबरावर चालतो. लिनक्सचंही तसंच. "सुनीता" हे नाव तुमच्या-माझ्या सोयीचं. कर्नल (आमच्यातला नव्हे, लिनक्सचा गाभा) ओळखतो तो फक्त क्रमांक. कुठल्या नावाचा कोणता क्रमांक, हे 'पासवड' नावाच्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे तिच्यात आता पासवर्ड ठेवत नाहीत! बहुतेक लिनक्समध्ये माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. ० हा रूट, म्हणजे सर्वाधिकारी.

प्रत्येक फाइलीच्या नोंदीत मालकाचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि परवानग्या असतात : मालकाला काय, गटाला काय, बाकीच्यांना काय. तुम्ही फाइल उघडायला गेलात की कर्नल क्रमांक ताडून बघतो. रूटला मात्र ही अडवणूक नाही.

आता खरी मेख. समजा, सुनीताबाईंचा क्रमांक १००३ आणि त्या नोकरी सोडून गेल्या. कुणीतरी लगेच खातं काढून टाकलं. नावाची ओळ गेली, पण सामायिक फोल्डरमधल्या त्यांच्या फाइली तशाच राहिल्या, १००३ च्या नावे. महिन्याभरानं नवा मुलगा आला. नवं खातं उघडताना मोकळा झालेला १००३ पुन्हा दिला जाऊ शकतो; काढलेलं खातं सर्वांत शेवटचं असेल तर बहुधा तोच मिळतो. झालं! पहिल्याच दिवशी तो मुलगा त्या फाइलींचा मालक. त्यात लोकांच्या पेन्शनचे कागद असोत की पगारपत्रकं, तो वाचू शकतो, बदलू शकतो, परवानग्याही फिरवू शकतो. कुणी कुलूप तोडलं नाही, म्हणून घंटाही वाजत नाही.

म्हणून माणूस गेला की खातं काढू नका, आधी बंद करा. नुसता पासवर्ड गोठवून भागत नाही, किल्ली-फाइलीनं दूरून प्रवेश चालूच राहू शकतो. खात्याची मुदतही संपवा. मग 'फाइंड' कमांडनं त्या क्रमांकाच्या फाइली शोधा आणि 'सीएच-ओन'नं पुढच्या जबाबदार माणसाच्या नावे करा. क्रमांकांची एक वही ठेवा, जुना क्रमांक नव्याला देऊ नका. फाइलींच्या यादीत मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसला, तर ती बेवारस फाइल समजा.

तुमच्या खिशातला अँड्रॉइड हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेनं वापरतो. तिथे क्रमांक माणसाला नाही, प्रत्येक ॲपला, १०००० पासून पुढे. त्यामुळे टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या खासगी फाइली दिसत नाहीत.

आणि ताई, बॅकअपची डिस्क घरी नेता म्हणालात. दुसऱ्या लिनक्स कॉम्प्युटरवरही पहिलं खातं १००० च असतं, म्हणजे तुमच्या १००० च्या फाइली तिथल्या १००० ला आपल्याच वाटतील. शिवाय तिथला रूट सगळंच वाचेल. ती डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच हवी.