मेटल डिटेक्टर गप्प आहे? आधी बॅटरी बघा!

ईदला किंवा उर्सला गेटवर आपली पोरं हातात मेटल डिटेक्टर घेऊन उभी असतात. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात मी चाव्यांचा जुडगा खिशात ठेवून आत निघालो. यंत्र गप्पच! स्वयंसेवक म्हणाला, "जा सर, काही नाही." मी चाव्या काढून दाखवल्या, तसा त्याचा चेहरा उतरला. यंत्राचा दिवा लागलेला होता, पण बॅटरी उतरली होती.

धोका इथेच आहे. टॉर्चची बॅटरी संपली तर अंधार होतो, लगेच कळतं. डिटेक्टरची बॅटरी संपत आली तर तो नुसता गप्प राहतो, आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. आपला भाग तर असा, की १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक गेले. इथे रस्ता तपासणाऱ्या जवानाच्या हातातलं हे यंत्र किती मोलाचं, ते वेगळं सांगायला नको.

बॅटरी लवकर का संपते? यंत्रात तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज फिरते आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू जवळ आला की त्यात फरक पडतो आणि बीप वाजतो. म्हणजे धातू सापडो न सापडो, बटण चालू असेपर्यंत वीज खर्च होतच राहते.

मग काय तपासायचं?

१. हातातल्या बऱ्याच डिटेक्टरमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. साध्या स्वस्त बॅटरीपेक्षा अल्कलाइन जास्त टिकते. चार्ज होणाऱ्या बऱ्याच बॅटऱ्या ८.४ व्होल्टच्याच असतात, म्हणून काही यंत्रं लवकर 'लो बॅटरी' दाखवतात. साधी बॅटरी चार्जरला कधीच लावू नका, ती फुटू शकते.

२. मल्टिमीटरने मोजायचं तर यंत्र चालू ठेवून मोजा. बंद असताना थकलेली बॅटरीसुद्धा चांगला आकडा दाखवते.

३. पावसाळ्यात ओलाव्याने पत्र्यांवर गंज चढतो. कोरड्या कापडाने पुसा. अल्कलाइन बॅटरी गळून पांढरी पूड जमली असेल तर हात न लावता, कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

४. नवी बॅटरी रात्रभरात उतरते? पिशवीत बटण दाबलं जातं का बघा. तसं नसेल तर आत कुठेतरी वीज गळते. मेकॅनिकला दाखवा. बॅटरी गरम लागली तर लगेच काढा.

५. काम झालं की बॅटरी काढून ठेवा. चंद्रपूरच्या उन्हात बंद गाडीत तर यंत्र ठेवूच नका.

कारण नसताना बीप वाजत असेल तर आधी स्वतःची अंगठी, घड्याळ आणि जवळची लोखंडी जाळी बघा.

आणि ड्युटी सुरू करण्याआधी, मग दर तासाला, आपलीच चावी यंत्रासमोर धरा. वाजलं तरच पुढच्या माणसाला "जा" म्हणा.