होडी शाकारण्याचा दिवस

पहाटे साडेपाच. वैशाखाची अमावास्या. काजळी नदी रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला मिळते, तिथे राजिवड्याच्या बाजूला पूर्ण ओहोटी आहे आणि आमची फायबरची होडी चिखलात बसलेली आहे. आज ती वर घ्यायची. यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीबंदी असते, पण होडी वर घ्यायला ३१ मेची वाट बघत बसणं मला पटत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडात येऊन पोचला. शिवाय होडी उंचावर न्यायची तर उधाणाची भरती लागते. अमावास्या हुकली की पौर्णिमेपर्यंत थांबायचं, आणि तोवर वारा फिरलेला असतो.

भरती येईपर्यंत होडी हलकी करायची. जाळी, दोर, बोये, नांगर, बर्फाची पेटी, सगळं उतरवलं. जाळी गोड्या पाण्यातून काढून माडांच्या सावलीत पसरली. नायलॉनला ऊन खातं, म्हणून सावली. सुकली की ती घरात आढ्याला टांगायची, नाहीतर पावसाळ्यात उंदरांची सोय होते.

साडेसात. इंजिन काढलं आणि गोड्या पाण्याने भरलेल्या पिपात सोडून चालू केलं. आतल्या नळ्यांमधलं मीठ असं धुऊन निघतं. ते तसंच राहिलं तर दोन महिन्यांत खडा धरतं आणि श्रावणात इंजिन तापून बंद पडतं. मग इंधनाची नळी काढली आणि कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू दिलं. गिअरचं तेल वाटीत काढून बघितलं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. आमचं काळपट पण स्वच्छ निघालं. नवं तेल भरून इंजिन घरी नेलं आणि घोडीवर उभंच ठेवलं.

भरतीची ढोबळ वेळ काढायला इथे घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा.

अकराला पाणी चढलं. ओंडक्यांना वंगण फासून ते आधीच ओळीने टाकून ठेवले होते. नाळेला दोर बांधला आणि शेजारचे चाचा म्हणाले, "आता घाई नको. पाणी थांबू दे." हे त्यांच्याकडूनच शिकावं. भरती पूर्ण भरून पाणी क्षणभर ठरतं, तेव्हा होडी सगळ्यात उंच असते आणि लाट तिला आडवी करत नाही. त्या वेळात जेवढी वर आली तेवढी फुकट. पुढचा प्रत्येक हात माणसांच्या खांद्यांवर. मागचा ओंडका सुटला की पुढे टाकायचा, पुन्हा ओढायचं. साडेबारापर्यंत होडी माडांच्या रांगेच्या आत आली.

ताबडतोब तळ घासायला घेतला. चिकटलेले शिंपले आणि शेवाळ ओले आहेत तोवरच सुटतात. एकदा उन्हात वाळले की पत्र्याने खरवडावे लागतात, आणि पत्रा वरचा गुळगुळीत थर घेऊन जातो. हा थर म्हणजे जेलकोट. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि आतल्या काचतंतूंचं सगळं रक्षण तोच करतो.

जेवून तीन वाजता फायबरचे मिस्त्री आले. दिवसातलं हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि घाईत नेमकं हेच टाळलं जातं. मिस्त्रींनी हातोडीच्या लाकडी दांड्याने तळ वीतभर अंतराने ठोकत नेला. खण, खण, खण, आणि मागच्या भागात उजव्या अंगाला एकदम बद्द. तिथे हात फिरवला तर बारीक फोड लागले. मिस्त्रींनी एक फोड सुरीच्या टोकाने उघडला. चिकट पाण्याचा थेंब आला, त्याला शिरक्यासारखा आंबट वास.

फायबर सडत नाही असं सगळे म्हणतात. लाकडासारखं सडत नाही, हे खरं. पण जेलकोटमधून पाणी अगदी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधल्या काही द्रव्यांना विरघळवतं, आणि ते दाट झालेलं पाणी बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतं. आत दाब वाढला की फोड येतो. हे खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर होतं. म्हणून दहा महिने समुद्रात झिजलेल्या होडीसाठी मला समुद्राची तेवढी भीती वाटत नाही, जेवढी आत साचलेल्या पावसाची वाटते.

मी म्हटलं, "मिस्त्री, आजच पॅच मारून टाकूया ना?"

"आज नको दादा. ओल आहे आत. वरून बंद केलंत तर आतच राहील."

त्यांनी तेवढा भाग ग्राइंडरने उघडा केला, गोड्या पाण्याने धुतला आणि तसाच सोडला. पॅच श्रावणात, तोही भाग सुकला की नाही हे बघून. ते कळायला उघड्या भागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून थांबायचं. नाळेजवळचा एक ओरखडा मात्र कोरडा होता, तो लगेच भरला. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट नीट ढवळून घेतला आणि मग हार्डनर घातला. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायची नाहीत, भडका उडतो. त्यांच्या बाटल्यासुद्धा मिस्त्री वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवतात.

होडी पूर्ण रिकामी हवी, आणि खोलगट जागेत तर ती ठेवायचीच नाही.

पाच वाजता बैठक दिली. तळाखाली तीन ठिकाणी लाकडी ठोकळे, त्यांवर जुन्या टायरचे तुकडे, म्हणजे वजन एकाच जागी येत नाही. नाळ हातभर उंच ठेवली. मागचं बूच काढलं आणि सुतळीने आतल्या कडीला बांधलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैतल्या एका दिवसाच्या १०० मिलिमीटर पावसात दहा चौरस मीटरच्या उघड्या होडीत हजार लिटर पाणी साचतं. टनभर वजन ठोकळ्यांवर आलं की तळाला चीर जाते, आणि ती वरून दिसतही नाही.

मग शाकारणी. मधोमध आडवा बांबू, त्यावर ताडपत्री, तिच्यावर विणलेली झापं, सगळ्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधलेला. नाळेची आणि मागची बाजू उघडी ठेवली, कारण आतली हवा खेळली नाही तर ताडपत्रीखालीच घाम धरतो. रिकामी फायबर होडी फार हलकी असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं, तेव्हा त्या वाऱ्यात काय ताकद होती ते सगळ्यांनी बघितलं. म्हणून दोन दोर दोन माडांना, आणि तिसरा जमिनीत पुरलेल्या नांगराला.

साडेसातला हात धुतले. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बुचाच्या भोकात काडी घालून बघायचं काम पुतण्याकडे दिलं. भोकात पानं अडकली की बाकीचं सगळं केलेलं वाया जातं. उद्या भरती पाऊण तास उशिरा, बाराच्या सुमाराला. चाचांची होडी वर घ्यायची आहे, म्हणून ओंडके तिथेच राहू दिले.