हेल्मेट घातलेली ती बाई कोण?

जयंती जवळ आली की बॅनरबरोबर करिअर मार्गदर्शन शिबिरांची पोस्टरही तयार होऊ लागतात. रत्नागिरी शहर असो की मंडणगडची बौद्धवाडी, ‘इंजिनीअरिंगमधील संधी’ या ओळीशेजारी एक ठरलेला फोटो असतो. गोरी, हसरी बाई, नवंकोरं पिवळं हेल्मेट, हाताची घडी, काखेत नकाशाची गुंडाळी. पोस्टर करणारा आपलाच कार्यकर्ता तो मोबाईलवर शोधून दोन मिनिटांत चिकटवतो.

याला स्टॉक फोटो म्हणतात. छायाचित्रकार असे फोटो आधीच काढून वेबसाइटवर ठेवतो आणि कंपन्या, वृत्तपत्रं, कॉलेजं परवाना घेऊन ते वापरतात. एकच फोटो शंभर देशांत खपावा, हे त्यामागचं गणित. म्हणून त्यात गाव, भाषा, घाम, ग्रीस काहीच दिसत नाही. फोटोतली बाई बहुतेक वेळा मॉडेल असते आणि हातातलं अवजार ही सजावट. असाच एक फोटो काही वर्षांपूर्वी जगभर चेष्टेचा विषय झाला होता. त्यातली तरुणी सोल्डरिंग आयर्न तापणाऱ्या भागाला धरून काम करत होती! तो भाग तीनशे अंशांच्या वर तापतो. आयटीआयच्या पहिल्या महिन्यातली मुलगीही तो तसा धरणार नाही.

खऱ्या फोटोतही घोळ होतो. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान कक्षेत पोहोचलं, तेव्हा साड्या नेसलेल्या, आनंदानं हसणाऱ्या इस्रोतल्या महिलांचा फोटो जगभर गाजला. त्या शास्त्रज्ञ आहेत, असंच सगळ्यांनी धरलं. नंतर इस्रोनं सांगितलं की त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित यांनी मोहिमेवर प्रत्यक्ष काम केलं होतं. त्यांची नावं लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागला.

देशात इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांत मुली सुमारे 29 टक्के आहेत. दहावीनंतर मुलीला डिप्लोमाला घालायचं का, हे ठरवताना पालकांचे प्रश्न साधे असतात. ती तिथे नेमकं काय काम करणार? कुणाबरोबर? घरी किती वाजता येणार? काखेतल्या गुंडाळीकडे याचं उत्तर नाही.

साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्या फोटोकडे आहे. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून त्या रेल्वेत गेल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या आणि मार्च 2023 मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. त्यांच्या फोटोत इंजिनाची केबिन दिसते, कॉलेजचं नाव सांगता येतं, पद सांगता येतं.

फोटोची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं. सुटाबुटातल्या, खिशाला पेन लावलेल्या त्यांच्या फोटोनं घराघरात जे केलं, ते दहा भाषणांनी झालं नसतं. कारण तो माणूस खरा होता आणि आपला होता.

आपल्या मुली आज महावितरणमध्ये, बांधकाम खात्यात, आयटी कंपन्यांत कामाला आहेत. गावशाखेनं आणि मुंबई मंडळानं त्यांची यादी करावी. कामाच्या जागी, परवानगी असेल तिथे, फोटो काढावा. मुलीची लेखी संमती घ्यावी. खाली नाव, पद, कुठे शिकली आणि फी कशी भागवली, हे लिहावं. मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता मात्र कधीच टाकू नये. एखादीला आडनाव द्यायचं नसेल तर आग्रह करू नये. कामाच्या जागी जात कळल्यावर काय होतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.