दिसणारीं अक्षरें आणि असणारीं अक्षरें

धरमपेठेंतील एखाद्या घरीं आजोबांच्या लेखांचा संग्रह पुन्हा छापावा असें नातवंडांच्या मनांत येतें. छापील प्रतींना वाळवी लागलेली असते; परंतु पंचवीस वर्षांपूर्वीं सीताबर्डीवर अक्षरजुळणी करून घेतलेल्या त्या पुस्तकाची पीडीएफ फाइल सुदैवानें कोणीं तरी जपून ठेविलेली असते. ती उघडतांच स्वच्छ मराठी मजकूर दिसतो. नात त्यांतील ‘नागपूर’ हा शब्द कॉपी करून नव्या पानावर उतरविते, आणि तेथें यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशीं सहा इंग्रजी अक्षरें उमटतात! फाइल बिघडली, असें घरांतील मंडळींस वाटतें. वास्तविक तींत कांहींच बिघडलेलें नसतें. जें आंत होतें तेंच बाहेर आलेलें असतें.

याचें कारण असें कीं, संगणकास अक्षर ठाऊक नसतें, केवळ आंकडा ठाऊक असतो. त्या आंकड्याचें चित्र कसें काढावयाचें तें फॉन्ट ठरवितो. देवनागरीसाठीं सर्वमान्य आंकडे प्रचारांत आले नव्हते तेव्हां फॉन्ट करणारांनीं एक युक्ति योजिली. इंग्रजी अक्षराचा आंकडा तसाच ठेवून त्यावर मराठी अक्षराचें चित्र चढविलें. कृतिदेव फॉन्टांत डीच्या जागीं ‘क’, ईच्या जागीं ‘म’ आणि वायच्या जागीं ‘ल’ आहे. म्हणून ‘कमल’ हा शब्द संगणकाच्या लेखीं ‘डी-ई-वाय’ असतो. ही मांडणी रेमिंग्टनच्या देवनागरी टंकलेखन-यंत्रावरून आलेली आहे. श्रीलिपीसारख्या इतर फॉन्टांची मांडणी याहून निराळी. मजकूर दुसरीकडे नेतांना आंकडे जातात, चित्रें मागें राहतात, आणि सोंग उतरतें.

युनिकोडनें हा घोळ मुळांतून मिटविला. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. येथें आंकडा अक्षराचा असतो, आकृतीचा नव्हे. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेचें प्रमाण रूप ठरवितांना मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ निश्चित केले. तरीहि मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा युनिकोडमधील आंकडा एकच आहे. वळण फॉन्टानें द्यावें, अक्षर मात्र एकच राहावें, असा हा न्याय आहे.

तथापि युनिकोडमध्यें लिहिलेला मजकूरहि पीडीएफमधून कधीं कधीं मोडून बाहेर येतो. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचा मूळ हेतु पान सर्वत्र सारखें दिसावें हा होता. त्यामुळें तींत मुख्यतः आकृति आणि त्यांच्या जागा नोंदविलेल्या असतात. कोणती आकृति म्हणजे कोणतें अक्षर, याचें कोष्टक निराळें जोडावें लागतें. तें नसलें किंवा अपुरें असलें कीं घोटाळा होतो. ‘दिवस’ या शब्दांत वेलांटी डोळ्यांना ‘द’च्या आधीं दिसते, पण युनिकोडमध्यें ती ‘द’च्या नंतर येते. ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण त्याचा ‘र’ ‘य’च्या आधीं लिहिलेला असतो. दिसण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांचा मेळ सुटला कीं वेलांट्या भटकतात आणि जोडाक्षरें फुटतात.

म्हणून उपाय करण्यापूर्वीं रोग ओळखावा. मजकुरावर बोट किंवा माऊस फिरवून एकहि शब्द निवडतां येत नसेल, तर तें पान बहुधा छायाचित्र आहे. त्यास अक्षरें ओळखणारी ओसीआर प्रणाली लागते. टेसरॅक्ट ही विनामूल्य प्रणाली मराठी वाचते. मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होऊं शकते, म्हणून उतारा मुळाशीं ताडून पाहावा. इंग्रजी अक्षरें उमटत असतील, तर फाइलीच्या माहितींतून फॉन्टाचें नांव काढावें आणि त्याच फॉन्टासाठीं केलेला परिवर्तक वापरावा. दुसऱ्याचा वापरल्यास घोळांत भर पडते. देवनागरी येते पण मोडकी येते, असें असेल तर ज्या फाइलीवरून पीडीएफ केली ती मूळ फाइल शोधावी. ती न मिळाल्यास पानाचें चित्र करून तेंच ओसीआरला द्यावें. कॉपी करण्यासच कुलूप असेल, तर ज्याचा मजकूर त्याची परवानगी मागावी.

हा खटाटोप केवळ उतारा घेण्यापुरता नाहीं. शोधयंत्रास आकृति दिसत नाहींत, आंतले आंकडे दिसतात. ‘नागपूर’ हा शब्द शोधणारास आजोबांचा लेख कधींच सांपडणार नाहीं. अंध विद्यार्थ्यास मजकूर वाचून दाखविणारी प्रणालीहि तेच आंकडे वाचते. डोळसास सुरेख दिसणारें पान त्याच्या कानीं इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ होऊन पडतें. जुन्या फॉन्टांत अडकलेलीं अशीं पुस्तकें, स्मरणिका, संस्थांचे अहवाल आजहि घरोघरीं आणि कार्यालयांत आहेत. ज्यांनीं ते जुळविले त्यांच्या संगणकांवर मूळ फाइली आहेत तोंवरच काम सोपें आहे.

नवी पीडीएफ करणारानें एवढी दक्षता घ्यावी: ह्रस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षर असलेलें एक वाक्य तींतून उचलून साध्या पानावर उतरवून पाहावें. तें जसेंच्या तसें उतरलें तरच फाइल पुढें पाठवावी, आणि युनिकोडमधील मूळ प्रत तिच्याबरोबर जपावी. या परीक्षेस एक मिनिटहि लागत नाहीं. ती चुकविली तर पुढच्या पिढीस सबंध पुस्तक पुन्हा टंकावें लागतें.