सहा होड्या, एक नजर

वेल्सच्या वायव्येला अँगल्सी बेट आहे आणि त्याला बिलगून होली आयलंड. तिथल्या पोर्थ डावार्ख नावाच्या छोट्या पुळणीवर मे महिन्यातल्या एका सकाळी आठ कयाक वाळूवर ओळीनं लागल्या होत्या. समोरचं पाणी आरशासारखं. सहा हौशी मंडळी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून तयार होती. त्यांना घेऊन जाणारी तरुणी मात्र पाण्याकडे पाहतच नव्हती. ती पाठीमागच्या टेकडीवरचं गवत पाहत होती. गवत समुद्राच्या दिशेनं वाकलं होतं.

ती समुद्री कयाकिंगच्या वाटाडेपणाची परीक्षा देत होती. आठव्या कयाकमधले परीक्षक दिवसभर मागे राहणार, शक्यतो गप्प बसणार. ब्रिटनमध्ये ही प्रमाणपत्रं पॅडल यूके ही संस्था देते. 2024 पर्यंत तिचं नाव ब्रिटिश कनूइंग होतं. ‘सी कयाक लीडर’ या प्रमाणपत्राची हद्द नेमकी आखलेली आहे. वारा ब्यूफोर्ट मापनातल्या 4 पर्यंत, प्रवाह 2 नॉटपर्यंत, आणि किनाऱ्याला लागायची जागा मैल-दोन मैलांवर हवीच. त्यापलीकडच्या पाण्यासाठी वेगळं, वरचं प्रमाणपत्र लागतं.

हे आकडे कुठून आले, ते वल्हं हातात घेतलं की कळतं. बेताचा सराव असलेला माणूस 3 नॉटच्या आसपास कयाक हाकतो. समोरून 2 नॉटचा प्रवाह आला, तर हाती उरतो 1 नॉट, म्हणजे तासाला दोन किलोमीटरसुद्धा नाही. पोर्थ डावार्खहून उजवीकडे वळलं की पेन्रिन मौरचं टोक लागतं. उधाणाच्या भरतीला तिथं पाणी 6 नॉटपर्यंत धावतं आणि उभ्या लाटा उठतात. जगभरचे कसलेले कयाकर खास त्या लाटांसाठी येतात. नवख्यांना घेऊन जायची ती जागा नव्हे.

म्हणून वाटाड्याचं निम्मं काम आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर उरकलेलं असतं. सागरी नकाशा, भरती-ओहोटीचं कोष्टक, हवामानाचा अंदाज, पेन्सिल. होलीहेडला उधाणाच्या दिवशी पाणी सुमारे 5 मीटर चढतं, पण सहा तासांत सारख्या गतीनं नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्श्यांचा: पहिल्या तासाला एक हिस्सा, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे पहिल्या तासात जेमतेम 40 सेंटिमीटर, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात सव्वा-सव्वा मीटर. जेवायला थांबलेल्यांच्या होड्या वाहून जातात त्या याच दोन तासांत.

कोकणातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, हे गणित आपल्या किनाऱ्यावर बोटांवर होतं. जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याला तर आपल्याकडे स्वतंत्र नावच आहे: मतलई. पहाटेच्या मतलईवर शिडाच्या होड्या बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या.

टेकडीवरचं वाकलेलं गवत हेच सांगत होतं. वारा ईशान्येचा, जमिनीकडून. असा वारा किनाऱ्याजवळचं पाणी सपाट करून ठेवतो. खडकांची आड सुटली की तोच होडीला बाहेर ढकलतो, आणि जितकं बाहेर जावं तितक्या लाटा वाढत जातात.

22 मार्च 1993 रोजी दक्षिण इंग्लंडमधल्या लाइम बेमध्ये हेच घडलं. आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहसकेंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम रीजिसहून चारमथला निघाले होते. अंतर थोडं, जेवणाच्या वेळेपर्यंत पोचायचं. शिक्षकांची कयाक सारखी उलटत होती. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी अडकला, दुसरीनं मुलांच्या होड्या एकमेकींना धरून ठेवल्या आणि तो अख्खा घोळका वाऱ्यानं समुद्रात नेला. होडीत पाणी शिरू न देणारं कापडी झाकण, म्हणजे स्प्रेडेक, मुलांना दिलेलं नव्हतं. प्रशिक्षकांचं स्वतःचं शिक्षण प्राथमिक पातळीचं होतं, आणि तटरक्षकांना खबर मिळाली ती कित्येक तासांनी. चार मुलं दगावली. केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचे संचालक 1994 मध्ये मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. 1995 मध्ये कायदा झाला आणि मुलांना साहसी खेळांना नेणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा झाला.

पुळणीवर त्या दिवसाचं नाव कुणी काढलं नाही. तरुणीनं फक्त जाहीर केलं, की आज पेन्रिन मौर नाही; डावीकडे, ट्रेआर्ड्डूर बेच्या दिशेनं जायचं, खडकांना धरून. जाताना भरती उलटी, येताना साथीला. दमलेल्या हातांना परतीची मदत मिळावी, म्हणून आधी विरुद्ध जायचं. तिनं व्हीएचएफ रेडिओवरून तटरक्षकांना माणसं किती, वाट कुठली आणि परतायची वेळ काय ते कळवलं.

पाण्यात ती पुढे फारच कमी होती. खडकाशी वाट अरुंद झाली की खडक आणि माणसं यांच्यामध्ये, मोकळ्या पाण्यात घोळक्याच्या समुद्राकडच्या अंगाला. कुणी भरकटू लागला तर त्याला आत वळवता येईल अशी ती जागा.

एका कपारीबाहेर लाट खडकावरून उलटी फिरली आणि एक बाई होडीसकट पालथ्या झाल्या. क्षणभर सगळे थिजले. “होडी सोडू नका!” एवढीच हाक तिनं दिली. उरलेल्यांना एकमेकांच्या होड्या धरून थांबायला लावलं आणि चार-पाच वल्ह्यांत पोचली. उलट्या होडीचं नाक ओढून आपल्या मांडीपुढच्या डेकवर आडवं घेतलं आणि उचललं. बैठकीच्या पोकळीतलं पाणी भदाभदा ओतलं गेलं. होडी सुलटी करून शेजारी लावली, नाक शेपटाकडे. मग सगळं अंग तिच्यावर टाकून दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. “आता पोटावर या, पाय मागे... बसा.” बाई आत बसल्या. दीड मिनिटही झालं नसेल. कमरेचा पंधरा मीटरचा दोर सोडून तिनं ती होडी खडकांपासून दूर ओढली, तेव्हा कुठे बाईंचं स्प्रेडेक बसवायला वेळ मिळाला.

ही सुटका तलावात एका दुपारी शिकता येते. वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना, नजर उरलेल्या पाचांवर ठेवून ती करायला कित्येक हंगाम जातात. म्हणून परीक्षेला बसण्याआधी प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रासोबत स्वतः केलेल्या सफरींची नोंदवही दाखवावी लागते: तारीख, वारा, प्रवाह, सोबत कोण, काय चुकलं. तिच्या वहीत ‘काय चुकलं’चा रकाना सर्वांत भरलेला होता.

दीडच्या सुमाराला सगळे पुळणीवर परतले. तिनं आधी रेडिओवर कळवलं, की आठही जण किनाऱ्यावर आहेत. मग परीक्षकांनी विचारलं, “आज सर्वांत आधी थंडी कुणाला वाजली?”

पालथ्या झालेल्या बाई समोरच होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. “निळ्या टोपीवाल्यांना,” ती म्हणाली, “गुहेपाशी त्यांचं बोलणं थांबलं तेव्हापासून.” थर्मासमधला पहिला कप तिनं त्यांच्याच हातात दिलेला होता.