पणजोबांच्या घड्याळाची तबकडी

आमच्या हरसूलला रेल्वे नाही. गाडीची शिटी ऐकायची तर नाशिकरोड किंवा इगतपुरी गाठावी लागते. तरीही आमच्या घरी रेल्वेचे एक घड्याळ आहे. माझे पणजोबा जी. आय. पी. रेल्वेत गार्ड होते. गाडी कोणत्या स्थानकावर किती वाजता आली, किती वाजता सुटली, याची नोंद गार्डला ठेवावी लागे. त्यांचे ते खिशातले घड्याळ मागच्या वर्षी माझ्या हातून पडले. यंत्र वाचले, तबकडी मात्र फुटली. आजी काही बोलली नाही. तिने तुकडे रुमालात बांधून ठेवले.

नवी तबकडी बसवायची तर ती कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शोधाशोध करताना जे कळले ते येथे मांडतो.

जुन्या तबकड्या बहुधा एनॅमलच्या असत. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून ती भट्टीत वितळवीत. म्हणून शंभर वर्षांनीही अक्षरे फिकी होत नाहीत. पण धक्का बसला की काचेसारखा तडा जातो. तबकडीच्या मागे तांब्याचे बारीक पाय असतात. ते यंत्राच्या भोकांत बसतात व बाजूच्या स्क्रूंनी आवळले जातात. या पायांच्या जागा प्रत्येक यंत्रात वेगळ्या असतात. तेव्हा पहिला नियम असा की, तबकडी निवडायची ती यंत्र पाहून. व्यास, मधले भोक, सेकंदकाट्याची जागा आणि पाय, हे चारही जुळले पाहिजेत. पाय कापून तबकडी गोंदाने चिकटवणारेही भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

दुसरा प्रश्न काळाचा. आमच्या यंत्रावर वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव आहे. ही कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली. तिची घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनत. एका विक्रेत्याने मला मिनिटांचे सगळे आकडे छापलेली अमेरिकन पद्धतीची तबकडी दाखवली. 'हीच खरी रेल्वेची,' असे तो म्हणाला. अमेरिकेत १८९१ साली ओहायोतील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एक घड्याळ चार मिनिटे मागे पडल्याचे कारण सांगितले गेले. त्यानंतर वेब बॉल यांच्या पुढाकाराने तेथे कडक नियम आले: तोंड उघडे, आकडे ठळक, आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक नको. ते नियम तिथले. स्विस यंत्रावर ती तबकडी चढवणे म्हणजे धोतरावर टाय बांधणे होय.

दुसऱ्या दुकानात आगगाडीचे चित्र आणि 'सेंट्रल रेल्वे' अशी अक्षरे असलेली चकचकीत तबकडी होती. मोह झाला. परंतु जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे झाली ती १९५१ साली, आणि पणजोबा त्याआधीच निवृत्त झाले होते. नव्याने रंगवलेल्या अशा तबकड्या बाजारात पुष्कळ मिळतात. भिंग लावले की अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

शेवटी नाशिकच्या एका कारागिरांकडे त्याच कंपनीचे, त्याच जातीचे एक मोडके घड्याळ निघाले. त्याची तबकडी एनॅमलची होती, आकडे आमच्यासारखेच. चाराच्या आकड्याजवळ केसासारखी एक चीर. मी ती घेतली. जुन्या वस्तूला तिच्या वयाचा डाग शोभतो.

घड्याळ घरी आणले तेव्हा आजीने ते कानाशी धरले. "हे मामंजींचेच ना?" तिने विचारले.

"यंत्र त्यांचे, आजी. तबकडी दुसऱ्याची."

"मग तसे लिहून ठेव."

मी चिठ्ठी लिहिली: तबकडी केव्हा बदलली, कोठून आणली आणि का. ती चिठ्ठी व रुमालातले तुकडे घड्याळाच्याच डबीत आहेत. पुढे कोणी ही डबी उघडील, त्याची फसवणूक होऊ नये.