काचेतली चित्रे वाचताना



फुजैरात माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, मूळचा वसईचा. ख्रिस्ती कुटुंब, घरात मराठीच बोलतात. आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीला झांजा ठरलेल्या त्याच्याच हातात! मागच्या वर्षी त्याची आई गेली. तिकीट मिळून तो निघेपर्यंत तिकडे सगळे आटोपले होते. परत आल्यावर त्याने इथल्या चर्चमध्ये आईसाठी मिस्सा ठेवली, तेव्हा आम्ही सहकुटुंब गेलो. तो इतकी वर्षे आपल्या आरतीला येतोय आणि मी मात्र त्याच्या चर्चचा उंबरठा पहिल्यांदाच ओलांडत होतो. खरे सांगतो, लाज वाटली.

फुजैराचे कॅथलिक चर्च 'अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल हेल्प' म्हणजे सदैव साहाय्य करणाऱ्या मातेच्या नावाचे आहे. मुंबईकरांना ही माता चांगली ठाऊक आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी जी नोव्हेना होते आणि जिला सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात, ती हिचीच. सहकाऱ्याची आई वसईहून लोकलने तिथे जायची. तिने दिलेले मातेचे छोटे चित्र त्याच्या पाकिटात होते. माझ्या मुलीने विचारले, "काका, या बाळाची चप्पल का निसटलीय?"

तो म्हणाला, "बघ, दोन्ही बाजूंना देवदूत आहेत. डावीकडचा मायकल, त्याच्या हातात भाला आणि स्पंज. उजवीकडचा गॅब्रिएल, त्याच्याकडे क्रूस आणि खिळे. पुढे आपल्याला काय सोसायचे आहे ते बाळ येशूला दिसते. तो घाबरून आईकडे धावतो, त्यात चप्पल सुटते." एवढे बोलून तो गप्प झाला. आम्हीही.

त्या दिवसापासून या चित्रभाषेचे वेड लागले. सुट्टीत मुंबईला गेल्यावर मुलीला घेऊन मुद्दाम दोन चर्चेस पाहिली. एक कुलाब्याचे अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचे हे स्मारक १८५८ साली प्रार्थनेसाठी खुले झाले. त्यातल्या पूर्व व पश्चिमेच्या मोठ्या रंगीत खिडक्या इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या. दुसरे फोर्टमधले सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ सालचे. चर्चगेट स्टेशनचे नाव याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाज्यावरून आले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

अशा खिडक्या वाचायच्या कशा? माणूस कोण हे चेहऱ्यावरून नव्हे, हातातल्या वस्तूवरून ओळखायचे. आपण नाही का, मोर आणि वीणा दिसली की सरस्वती म्हणतो? तसेच हे. किल्ल्या असतील तर संत पीटर, तलवार असेल तर संत पॉल. थॉमसच्या हातात पुष्कळदा गवंड्या-सुतारांचा गुण्या असतो, कारण भारतातल्या गोंडोफर्नीस राजाने त्याला राजवाडा बांधायला सांगितल्याची कथा आहे. म्हणजे आम्हा इंजिनियर मंडळींचाच संत!

शुभवर्तमाने लिहिणाऱ्या चौघांच्या खुणा ठरलेल्या आहेत. पंख असलेला माणूस म्हणजे मॅथ्यू, पंखांचा सिंह म्हणजे मार्क, पंखांचा बैल म्हणजे लूक आणि गरुड म्हणजे जॉन. कबुतर हे पवित्र आत्म्याचे आणि पांढरी लिली मरियेच्या निर्मळतेचे चिन्ह. निशाण घेतलेला कोकरू म्हणजे मरणावर विजय मिळवलेला ख्रिस्त. छातीला चोच मारून स्वतःच्या रक्ताने पिलांना जगवणारा पेलिकन पक्षी म्हणजे त्याचे बलिदान. रंगही बोलतात. निळा बहुधा मरियेचा, लाल हुतात्म्यांचा, जांभळा पश्चात्तापाचा. कथा सांगणारी जुनी खिडकी बहुतेक वेळा खालून वर वाचायची असते.

आता थोडे तंत्र, नाहीतर मला चैन पडणार नाही! रंग काचेवर फासलेला नसतो, तो बहुतांशी काचेतच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट घातले की निळा, सोने किंवा तांबे घातले की लाल, मँगनीज घातले की जांभळा. चांदीचे संयुग लावून काच भाजली की पिवळा येतो. चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून सुमारे ६०० ते ७०० अंशांना भट्टीत पक्क्या करतात. मग पूर्ण आकाराच्या आराखड्यावर तुकडे मांडून ते शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. पट्टीचा छेद इंग्रजी 'एच' अक्षरासारखा असतो, दोन्ही बाजूंच्या खाचांत काचा बसतात. वाऱ्याचा दाब सोसायला मागे लोखंडी गज.

एक गोष्ट मुलीनेच दाखवली. ही खिडकी रस्त्यावरून पाहिली तर नुसती काळपट दिसते, चित्र काय आहे तेही कळत नाही. आत जाऊन उभे राहिले की सूर्य मागून येतो आणि मग रंग उमलतात. मी इतकी वर्षे बाहेर उभा होतो, एवढेच.

परत आल्यावर सहकाऱ्याला सगळे फोटो दाखवले. तो म्हणाला, "पुढच्या सुट्टीत बुधवारी माहीमला जाऊ या. आई असती तर तिनेच नेले असते तुम्हाला." ठरले आहे आमचे.

चूकभूल द्यावी घ्यावी.